वरचा मळा आपला आहे, फुटलेला बांधही आपलाच: बडोद्यातल्या कोकणी भाऊबंदांना खुलं पत्र

मांजलपूर, वाघोडिया रोड, कारेलीबाग, प्रतापनगर, गोत्री, जिथे कुठे असाल तिथल्या सगळ्या दादा-वहिनींना, काकांना, आत्यांना आणि इकडेच जन्मलेल्या पोरापोरींना पण,

हे आधी आपल्या घरच्या ग्रुपवरच टाकणार होते, पण हे काही आपल्या एकट्या घराचं नाहीये. रेल्वेत, रिफायनरीत, कारखान्यांत, बँकेत नोकरीला म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बडोद्याला आलेली जेवढी घरं मी ओळखते त्यातल्या बहुतेकांची हीच कथा आहे, गावची भातशेती पडीक आणि त्याचा भार खालच्या शेजाऱ्यावर, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. ज्याला लागू होईल त्याने स्वतःचं नाव समजावं.

गेल्या जुलैत मी गावाला गेले होते. गणपती नाही, शिमगा नाही, कोणाचं लग्न नाही, नुसती भाताची लावणी बघायला. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच भर पावसाळ्यात गेले, बडोद्याहून रत्नागिरीपर्यंत गाडी, तिथून राजापूरची एसटी आणि शेवटचं चालत, कारण वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी होतं आणि रिक्षावाला पुढे यायला तयार नव्हता. तिसऱ्या रात्री जो पाऊस लागला तो सकाळपर्यंत थांबलाच नाही, आणि पहाटे काकी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमच्या मळ्याचा बांध गेला."

आपल्या नाही म्हणाली. तुमच्या म्हणाली.

खाली जाऊन बघितलं तर आपल्या पाच खाचरांपैकी मधल्याचा बांध माणूस आडवा झोपेल एवढा फुटला होता आणि त्यातून लाल चिखल, जांभ्याचे दगड, झुडपांची मुळं सगळं खालच्या काकीच्या खाचरात उतरलं होतं. तिने दोनच दिवस आधी लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, त्या चिखलाखाली गेला होता, नुसती हिरवी टोकं कुठे कुठे दिसत होती. काकीचं वय ६८. ती गुडघाभर चिखलात बसली आणि रोपांची एकेक चूड (जुडी) बोटांनी उकरून बाहेर काढायची, साचलेल्या पाण्यात हलवून धुवायची, पानं सरळ करायची आणि परत रोवायची. मी पण बसले, मला तासाभरात पाठ धरली, ती दुपारपर्यंत उठली नाही. निम्मा तरवा गेलाच. एक शब्द वाईट बोलली नाही मला, आणि तेच मला इथे परत आल्यापासून झोपू देत नाहीये.

इकडे वाढलेल्या पोरांसाठी जरा सांगते, कारण तुम्ही ती खाचरं फक्त फोटोत हिरवीगार बघितलीत. आपला डोंगर म्हणजे वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, मग उतार, मग तळाला वहाळ. या उतारावर आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी दगड रचून, माती अडवून, पायरीसारखी एकाखाली एक खाचरं केली. कोकणात चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बडोद्यात पूर्ण वर्षाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पडतो. एवढं पाणी उतारावरून सुटलं तर माती राहीलच कशी. म्हणून वरचं खाचर पाणी धरतं, भरलं की ठरलेल्या तोंडातून खालच्यात सोडतं, ते त्याच्या खालच्यात, असं पाणी सावकाश चालत वहाळाला जातं आणि जाता जाता जमिनीत मुरतं. वरच्या खाचरांत सप्टेंबरनंतर पाणी टिकत नाही म्हणून तिथे लवकर येणारं हळवं भात लावायचं, तळाच्या चोंढ्यात ओल राहते म्हणून तिथे उशिरा येणारं गरवं, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा. हे कोणा इंजिनिअरने आखून दिलेलं नाही, बघत बघत, चुकत चुकत बसवलेलं आहे.

पण हे सगळं एकमेकांच्या भरवशावर उभं असतं. बांध म्हणजे भिंत नव्हे की एकदा बांधली आणि झालं. दर वर्षी उन्हाळ्यात ढासळलेले दगड परत चढवायचे, पाऊस लागला की बांधावरचं गवत तासून आतल्या बाजूने चिखल लिंपायचा, आणि मग रोज सकाळी खोरं घेऊन फिरायचं, कारण खेकडे बांधात बिळं करतात. काकी चालताना बांधावर मधेच थांबते, टाच दाबून बघते, माती भुसभुशीत लागली की हात आत घालते कोपरापर्यंत, बीळ कुठे जातंय बघते आणि चिखलाचा गोळा ठोसून टाचेने दाबते. एवढंच काम. पण हे एवढंच काम आपल्या पाच खाचरांवर गेली नऊ वर्षं कोणी केलेलं नाही. बीळ मोठं होतं, आत झुडपांची मुळं जातात, उन्हाळ्यात चिरा पडतात, आणि एका रात्री सगळं खाली येतं. वर रान माजलं की रानडुकरांना लपायला जागा होते आणि ती रात्री उतरून शेजारचं उभं भात तुडवतात. मग शेजारचा पण म्हणतो, जाऊदे, आपणही नको करायला. आपल्या वाडीत असंच झालंय, वरून खाली एकेक खाचर विझत गेलंय, आणि त्याची सुरुवात आपल्या मळ्यापासून झाली.

ऑगस्ट २०२४ आठवतोय ना. विश्वामित्री नदी चढली, धोक्याची पातळी ओलांडून पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, आपल्यातल्या कितीतरी जणांच्या सोसायट्यांत तळमजले बुडाले, फ्रिज-गाद्या गेल्या, पोरं गच्चीवर बसून होती. तेव्हा आपण सगळे काय बोलत होतो? वरून पाणी आलं, आम्ही काय केलं होतं, आमचा काय दोष. काकीचा पण काही दोष नव्हता. तिच्या वरचे आपण होतो.

आता सातबाऱ्याकडे येते. मी परत येताना ताजा उतारा काढून आणला. जमीन १४ गुंठे, नमुना सातवर नावं ३१. ३१! त्यातले नऊ जण हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद पण झालेली नाही. अकरा जण इथे बडोद्यात आहेत, बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे, आणि गावात फक्त तिघं. आणि खाली पिकाच्या रकान्यात, नमुना बारामध्ये, एकच शब्द: पड. ३१ मालक आणि पीक पड. तो कागद घेऊन मी एसटीत बसले होते आणि मला आजोबा आठवत होते.

कारण ही जमीन आपल्याला कशी मिळाली हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना माहीतच नाहीये. आपले आजोबा मालक नव्हते, कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे. खोताला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला, अर्धेल द्यायचे, म्हणजे पिकलेल्या भातातला निम्मा हिस्सा त्याच्या खळ्यावर. बांध आपल्या माणसांनी घालायचे, भात निम्मं दुसऱ्याच्या कणगीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं, आणि मग कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. आप्पा, माझे वडील, सांगायचे की त्या वर्षी आजोबांनी पहिल्यांदा सगळं भात आपल्या अंगणात झोडलं. जमीन आपल्याकडे आली ती विकत घेतली म्हणून नाही, वशिल्याने नाही, कसली म्हणून आली. आज आपण ती कसत नाही आणि कोणाला कसू पण देत नाही, आणि कारण विचारलं तर म्हणतो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दिवाळीनंतर मांजलपूरला आपण जमलो तेव्हा हेच निघालं, एकाने पण दुसरं कारण सांगितलं नाही. कायद्यात खरंच आहे की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो कूळ मानला जातो. पण त्याच कलमात, कलम ४ मध्ये, पुढे कोण कूळ होत नाही ते पण लिहिलेलं आहे, ते कोणी वाचत नाही. मालकाच्या कुटुंबातला माणूस होत नाही. पिकात वाटा न घेता रोख किंवा वस्तूच्या रूपात मजुरीवर काम करणारा गडी होत नाही. मालकाच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली मजुरीने कसणारा होत नाही. म्हणजे अर्धेलीने, वाट्याने देऊ नका. मजुरी रोख द्या, देखरेख गावात राहणाऱ्या आपल्याच घरच्या माणसाने करावी, आणि कोणाला किती दिले त्याची वही ठेवा. आणि ई-पीक पाहणी, जी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर सुरू झाली, ती आपण खातेदार म्हणून शेतात उभं राहून स्वतः करायची, फोटोसकट, म्हणजे बाराच्या रकान्यात पड जाऊन भात येईल. हे सगळं वकिलाकडून एकदा बघून घ्यायचं, तो खर्च मी करते. पण "कूळ लागेल" एवढं बोलून विषय संपवायचा नाही. ज्या कायद्याने आजोबांना मालक केलं त्याच कायद्याचं नाव घेऊन आपण त्यांचा मळा रान करतोय, हे मला सहन होत नाही.

दुसरं म्हणजे परवडत नाही. बरोबर आहे, नाही परवडत, मी हिशोब करून बघितला. नीट खत-बियाणं घालून चांगलं आलं तर हेक्टरी ४ टन भात धरू, म्हणजे गुंठ्याला ४० किलो, १४ गुंठ्यांचे ५६० किलो. २०२५-२६ च्या हंगामाला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये, म्हणजे सगळं मिळून तेरा हजारांच्या वर थोडंसं. आमच्या वाडीत गेल्या वर्षी लावणीला बाईला दिवसाचे ४०० आणि गड्याला ६०० द्यावे लागले. नांगरायला बैल उरले नाहीत, पॉवर टिलर भाड्याने आणायचा तर तो एकेका पायरीवर चौघांनी उचलून चढवावा लागतो, ट्रॅक्टर त्या खाचरात वळणारच नाही. तेव्हा नफा सोडा, मजुरी निघाली तरी खूप. पण आपण काय नफ्यासाठी जमीन ठेवलीय का? ११ जणांपैकी कोणाचं घर त्या भातावर चालतं? आपण ठेवलीय कारण सोडवत नाही, कारण शेतकरी दाखला हातात असावा, कारण उद्या रस्ता गेला तर भाव येईल. मग या ठेवण्याचा जो खर्च आहे तो आपण द्यायचा की काकीने दरवर्षी चिखलात बसून द्यायचा?

कोणीतरी म्हणालं काजू लावून टाकू, एकदा लावला की बघायला नको. वरकसात लावा ना, जिथे आधी नाचणी-वरी व्हायची तिथे, १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा झाल्याच आहेत सगळीकडे, त्याने कोकणात पैसा आलाय हे मी मानते. पण भाताच्या खाचरात नको. तिथे पावसाळ्यात पाणी उभं राहतं, काजूला ते सोसत नाही, मग पाणी काढायला लोक बांधच फोडतात, आणि ते पाणी परत कोणाच्या डोक्यावर तर खालच्याच्या.

आणि विकायचा विषय तर मला बोलवतच नाही. एका एजंटचा मला इथे बडोद्यात फोन आला होता, "मॅडम, पडीकच आहे ना, ठेवून काय करताय" म्हणून. त्याला आपला सर्व्हे नंबर माहीत होता, मला तो बघून सांगावा लागला असता.

तुम्हाला ती गोणी आठवते का? आप्पा १९६६ ला इकडे रेल्वेत लागले तेव्हापासून दर दिवाळीनंतर गावाहून एक गोणी यायची, वर काळ्या शाईने आप्पांचं नाव आणि "बडोदे" लिहिलेलं, तोंड सुतळीने शिवलेलं. आई ती उसवताना आम्ही सगळे भोवती बसायचो. लालसर जाडा तांदूळ, थोडे खडे, थोडा कोंडा, आणि मधे गाडगं फुटू नये म्हणून तांदळात खुपसलेलं आमसुलांचं मडकं. त्या तांदळाची पेज आणि वर खोबऱ्याचा तुकडा, आमची शाळेची सकाळ त्याच्यावर व्हायची. तांदळाची भाकरी थापली की शेजारच्या मासी यायच्या, "चोखानो रोटलो" म्हणत, आणि त्यांना गरम एक द्यावीच लागायची. त्या तांदळाचं बियाणं आपलं घरचं होतं. आजी कापणीच्या वेळी चांगल्या लोंब्या निवडून वेगळ्या बांधून आढ्याला टांगायची. खाचरं पडीक पडल्यावर दोन-तीन वर्षांत ते बियाणं उगवेनासं झालं. आपल्या घरातून ते कायमचं गेलं. काकीच्या घरी अजून थोडं आहे, तेवढंच.

म्हणून मी काय मागतेय ते सरळ सांगते.

या शिमग्याला तुमच्यातले निदान सहा-सात जण गावाला जाणार आहात, तिकिटं काढलीत मला माहितीय. पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी लगेच निघू नका, एक दिवस जास्त थांबा. त्या दिवशी आपण सगळे वरच्या मळ्यावर जायचं. मधल्या खाचराचा बांध परत घालायला चार गडी सहा दिवस लागतील असं चुलतदादाने बघून सांगितलंय, म्हणजे १४,४०० रुपये, दगड तिथेच खाली पडलेले आहेत, विकत घ्यायचे नाहीत. बडोद्यातल्या अकरा जणांनी काढले तर माणशी १३०० च्या आसपास. उन्हाळ्याच्या आत झालं पाहिजे म्हणजे माती बसेल, पावसाच्या तोंडावर रोहिणीत धावपळ करून घातलेला बांध पहिल्या पावसात जातो.

तरव्याची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन पालापाचोळ्याने भाजणं, काकी तशीही करतेच, तिच्या दाढेशेजारी आपली एक दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, भाजू, त्यासाठी कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायला मी असेन. वरच्या तीन खाचरांत कर्जत ३ सारखं हळवं लावू, आणि खालच्या दोघांत काकीकडचं घरचं बियाणं मागू, तिने दिलं तर. चारसूत्री पद्धत पण करून बघायची माझी इच्छा आहे, डॉ. एन. के. सावंतांनी आपल्या कोकणातल्या पावसाचा विचार करून बसवलेली: दोरीला खुणा करून १५ आणि २५ सेंटिमीटरवर रोपं, चिखलात गिरिपुष्पाचा पाला, आणि लावणी झाली की चार चुडांच्या मधे युरिया-डीएपी खताची एक गोळी हाताने खोल खुपसायची. फेकलेला युरिया आपल्या पायऱ्यांवरून पाण्याबरोबर खालच्याच्या शेतात जातो, गोळी जाग्यावर राहते. नऊ वर्षं उपाशी राहिलेल्या मातीला एवढं तरी द्यायला पाहिजे.

लावणीला कोण येईल हे आत्ता विचारत नाही, जुलैत ज्याला सुट्टी मिळेल त्याने यावं, पोरांना आणा, त्यांना खेकड्याचं बीळ कसं बुजवतात ते काकी शिकवेल. जो येऊ शकत नाही त्याने मजुरी पाठवावी. भात झालं की पहिल्या ५० किलोंवर काकीचा हक्क, तिचा गेल्या वर्षीचा तरवा आपण बुडवलाय. बाकीचं सगळ्यांना थोडं थोडं.

आणि वारसनोंदी. हयात नसलेल्या नऊ जणांच्या नोंदी करून घ्यायच्या, त्यासाठी मृत्यूचे दाखले आणि वारसांची कागदपत्रं लागतील, ती आपापल्या कपाटातून काढून ठेवा, शिमग्याला येताना झेरॉक्स आणा. वाटप करायचं असेल तर सगळ्यांची संमती असली की जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. पण माझं ऐकाल तर या पाच खाचरांचे तुकडे करू नका, एका पायरीचे सहा मालक झाले तर बांध कोणाचा यावरूनच आयुष्य जाईल.

ज्यांचं गाव वेगळं आहे, देवगड, लांजा, संगमेश्वर, गुहागर, कुठलं पण, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की या वेळी गेलात की देवळातून परस्पर परत येऊ नका. तुमच्या खाचराच्या खाली कोणाचं खाचर आहे ते जाऊन बघा आणि त्या माणसाला विचारा, गेल्या पावसात काय झालं.

मी होळीच्या दोन दिवस आधी पोचतेय. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वरच्या मळ्यावर भेटू, ऊन चढायच्या आत. काकीकडे तीन खोरी आहेत, चौथं मी येताना राजापूरच्या बाजारातून घेऊन येते.

तुमचीच,
आप्पांची धाकटी
बडोदे